क्रोमा काढल्यावर हिरवी कड राहते: कुठून येते आणि कशी घालवायची

लक्षण असं. ग्रीन स्क्रीनवर शूट केलेला माणूस नव्या पार्श्वभूमीवर बसवला, की केसांभोवती आणि खांद्यांवर हिरवट रेघ उरते. ती घालवायला मॅट (काय दिसेल आणि काय नाही ते ठरवणारं काळं-पांढरं चित्र) आत ओढली, तर केस गळतात आणि कान कापला जातो. मॅट सैल सोडली, तर रेघ परत येते. थांबवलेल्या फ्रेममध्ये ठीक वाटलेली कड प्ले केल्यावर थरथरते. कीइंग, म्हणजे पडद्याचा रंग काढून टाकणं, शिकणारा जवळपास प्रत्येक जण इथे अडकतो आणि स्लायडर पुढेमागे करण्यात अख्खी संध्याकाळ घालवतो.

अडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. मॅट बनवणं आणि रंग साफ करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ती एकाच इफेक्टकडून एका दमात करून घ्यायचा हट्ट धरला जातो. कुठला पिक्सेल किती पारदर्शक, एवढंच मॅट सांगते. त्या पिक्सेलमध्ये शिरलेला हिरवा काढणं हे तिचं काम नाही.

आकड्यांत बघू. ० ते १ च्या मोजणीत पडद्याचा रंग लाल ०.१०, हिरवा ०.५०, निळा ०.१२ आहे असं धरा. केसांचा खरा रंग ०.१०, ०.०८, ०.०६. एक केस पिक्सेलचा अर्धा भाग व्यापतो, म्हणून कॅमेऱ्यात त्या पिक्सेलची नोंद होते ०.१०, ०.२९, ०.०९. आता कीयर, म्हणजे मॅट काढणारा इफेक्ट, काय करतो? हिरव्यातून लाल आणि निळ्यापैकी जो मोठा, तो वजा करतो. पडद्यावर हा फरक ०.३८ येतो, केसाच्या पिक्सेलवर ०.१९. म्हणजे पिक्सेल बरोबर अर्धा पारदर्शक. मॅट अचूक निघाली! पण पिक्सेलचा रंग अजून ०.२९ हिरवाच आहे. मॅट कितीही घासली तरी तो हिरवा जाणार नाही. जाईल तो केस.

(ही वजाबाकी मुळात हॉलिवूडचे तंत्रज्ञ पेट्रो व्लाहोस यांनी १९५० च्या दशकात निळ्या पडद्यासाठी बसवली, तीही फिल्मवर, ऑप्टिकल प्रिंटरच्या जमान्यात. आफ्टर इफेक्ट्समधला कीलाइट काय आणि फ्यूजनमधला डेल्टा कीयर काय, दोघंही त्याच घराण्यातले.)

आधी रोग ओळखा

कीयरला हात लावण्याआधी नवी पार्श्वभूमी बंद करा आणि खाली सपाट मध्यम करडा रंग टाका, आठ बिटच्या मोजणीत साधारण १२८. आता २०० टक्के झूम करून कड बघा.

करड्यावरही कड हिरवी दिसली, तर तो स्पिल, म्हणजे पडद्यावरून सांडलेला हिरवा. काळपट दिसली, तर प्रीमल्टिप्लायची, म्हणजे रंग पारदर्शकतेने गुणण्याची गडबड. माणसाभोवती पेन्सिलीने काढल्यासारखी बारीक उजळ किंवा गडद रेघ असेल, तर ती कॅमेऱ्याने स्वतःच केलेल्या शार्पनिंगची. कीयरचा त्यात दोष नाही. कडेला जिन्यासारख्या पायऱ्या दिसल्या, तर फुटेजमध्ये रंगाची माहितीच कमी आहे. थांबवल्यावर चांगली आणि प्ले केल्यावर मुंग्या आल्यासारखी कड असेल, तर नॉइज आणि कॉम्प्रेशन. आणि करड्यावर सगळं स्वच्छ असून खऱ्या पार्श्वभूमीवरच माणूस चिकटवल्यासारखा वाटत असेल, तर कीयरला हात लावू नका. तिथे उजेडाची दिशा, काळ्याची पातळी किंवा पार्श्वभूमीचा फोकस जुळत नाही.

एकाच शॉटमध्ये दोन-तीन रोग एकत्र असू शकतात, पण प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

पायऱ्या आणि थरथर: दोष फुटेजचा

बरेचसे फोन आणि डीएसएलआर कॅमेरे आठ बिट ४:२:० मध्ये रेकॉर्ड करतात. याचा अर्थ १९२० × १०८० च्या फ्रेममध्ये उजेडाची माहिती पूर्ण असते, पण रंगाची माहिती फक्त ९६० × ५४० इतकी. कीइंग रंगावर चालतं. म्हणजे तुम्ही एचडी मॅट काढताय असं वाटतं, पण मॅट निघते पाव माहितीवर. अशी फाइल प्रोरेस ४४४४ या जड, उच्च दर्जाच्या फॉरमॅटमध्ये बदलून घेतली की की चांगली निघते, हा गैरसमज फार पसरलेला आहे. फाइल जड होते, हरवलेला रंग परत येत नाही.

काय चालतं ते सांगतो. शेवटचं आउटपुट एचडी असेल तर शूट फोरकेमध्ये करा. ३८४० × २१६० च्या ४:२:० फाइलमध्ये रंगाची माहिती १९२० × १०८० असते. ती आधी एचडीला लहान करा आणि मग की काढा. प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. उलट क्रमाने, म्हणजे की काढून मग लहान करण्यात, हा फायदा बराचसा वाया जातो.

शूट होऊन गेलं असेल आणि हातात एचडीच असेल, तर मॅटसाठी वेगळी प्रत तयार करा. न्यूक या कंपोझिटिंग प्रोग्राममध्ये आरजीबीचं वायसीबीसीआर (उजेड वेगळा, रंग वेगळा) करा, फक्त रंगाच्या दोन चॅनेलना साधारण २ पिक्सेलचा ब्लर द्या आणि परत आरजीबीत आणा. आफ्टर इफेक्ट्समध्ये कीलाइटचा स्क्रीन प्री-ब्लर १ ते २ वर ठेवला तरी काम बऱ्यापैकी भागतं. त्याच्या पुढे गेलात तर बोटांमधल्या फटी बुजू लागतात.

थरथरीचं मूळ बघायचं असेल तर निळा चॅनेल एकटा उघडा. कॉम्प्रेशनचे चौकोन आणि दाणे तिथे सगळ्यात जास्त दिसतात. डीनॉइज करा, पण केवळ मॅट काढण्यासाठीच्या प्रतीवर. रंगासाठी मूळ प्लेटच, म्हणजे शूट केलेलं फुटेजच, वापरायची. नाहीतर माणूस मेणाचा दिसतो आणि मागच्या दृश्यात ग्रेन (बारीक दाणे) असतो, हे लगेच कळतं. डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत टेम्पोरल नॉइज रिडक्शन मिळत नाही, तेव्हा दुसरा मार्ग आधीच ठरवून ठेवा.

आणि एक गोष्ट सांगायला कंटाळा येतो, पण सांगावी लागते: फुटेज व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून मागवू नका. ते पुन्हा दाबलं जातं आणि हिरव्या पडद्यावर चौकोन उमटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर कार्डावरून कॉपी घ्या. फोनच्या फुटेजमध्ये फ्रेम रेटही बदलता असतो. एडिटला बसण्याआधी तो स्थिर २५ करून घ्या, नाहीतर रोटो (फ्रेमगणिक हाताने काढलेले मास्क) आणि ट्रॅकिंग पुढे सरकत जातं.

कड शाबूत आहे पण पूर्ण मॅटच लहरते, असं असेल तर दिव्यांकडे बघा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मेन्सवर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. फोन मात्र मुकाट ३० फ्रेम आणि १/६० शटरवर जातो. २५ फ्रेम आणि १/५० लावा. ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स लॉक करा. ते चालू राहिले तर शॉटच्या मध्यावर पडद्याचा रंग सरकतो आणि सुरुवातीला घेतलेला नमुना निकामी होतो.

मॅट: एक कीयर पुरत नाही

पुन्हा वरच्या आकड्यांकडे. पडद्याच्या कोपऱ्यात सावली आहे आणि तिथला रंग ०.०५, ०.३०, ०.०६ आहे. फरक आला ०.२४. तो ०.३८ च्या तुलनेत ६३ टक्के, म्हणजे कोपरा ३७ टक्के अपारदर्शक राहिला. मॅटमध्ये तिथे राखाडी धुकं दिसतं. ते काढायला नवखा माणूस क्लिप ब्लॅक (ज्याच्या खालचं सगळं पूर्ण काळं होतं तो आकडा) ३७ वर नेतो, आणि त्याबरोबर ३७ टक्क्यांखालचे सगळे बारीक केसही काळे होतात. कोपऱ्यातल्या धुक्यापायी केसांचा बळी.

कोपरा कीयरने साफ करायचाच नसतो. माणसाभोवती वीतभर जागा सोडून ढोबळ मास्क काढा आणि बाहेरचं सगळं फेकून द्या. माणूस चालत असेल तर मास्कला दर १०-१५ फ्रेमला एक कीफ्रेम पुरते. आता कीयरपुढे उरतो तो फक्त माणसाभोवतीचा पट्टा, आणि त्यात पडद्याचा रंग बराच एकसारखा असतो.

मग दोन मॅट काढा. पहिली मऊ, केसांसाठी. स्क्रीन कलरचा नमुना फ्रेमच्या कोपऱ्यातून न घेता केसांच्या लगतच्या हिरव्यातून घ्या. कीलाइटचा व्ह्यू ‘स्क्रीन मॅट’वर ठेवा. स्क्रीन गेन १०० च्या आसपासच ठेवा. ११० च्या वर जायची वेळ आली तर नमुना चुकलाय असं समजा. स्क्रीन बॅलन्स हिरव्यासाठी ५० च्या आसपास आणि निळ्यासाठी ९५ च्या आसपास असतो, तिथून थोडं इकडे-तिकडे करून बघा. क्लिप ब्लॅक १० पर्यंत, क्लिप व्हाइट (ज्याच्या वरचं सगळं पूर्ण पांढरं) ८५-९० पर्यंत. शरीराच्या आत भोकं दिसली तरी या मॅटमध्ये ती भरायची नाहीत.

भोकं भरायला दुसरी मॅट. लेयरची प्रत घ्या, तिच्यावर क्लिप ब्लॅक आणि क्लिप व्हाइट बिनधास्त जवळ आणा, म्हणजे कडक काळी-पांढरी आकृती मिळेल. ती ४ ते ८ पिक्सेल आत ओढा, कडेला थोडा ब्लर द्या आणि पहिलीवर चढवा. आतली आकृती भरीव राहते आणि कड मऊ मॅटची मिळते. कीलाइटचं स्क्रीन श्रिंक वापरायचं ते इथे, आतल्या मॅटवर. बाहेरच्या मॅटवर ते शून्यच राहू द्या.

मॅट तपासताना डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. काळ्यातली घाण दिसत नाही, म्हणून कॉम्प पॅनेलखालचं एक्स्पोजर ३-४ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वर न्या. ते फक्त बघण्यापुरतं असतं, रेंडरमध्ये जात नाही. न्यूकमध्ये व्ह्यूअरचा गेन आणि गॅमा तेच काम करतो.

न्यूक वापरत असाल तर असमान पडद्यासाठी आयबीके कीयर जास्त कामाचा. आयबीके कलर नोड त्याच फ्रेममधून रिकाम्या पडद्याची प्लेट तयार करतो: साइझ १० च्या आसपास ठेवा, मग काळी भोकं बुजेपर्यंत पॅच ब्लॅक वाढवा. आयबीके गिझ्मो, म्हणजे प्रत्यक्ष मॅट काढणारा नोड, त्या प्लेटशी पिक्सेलला पिक्सेल तुलना करतो, त्यामुळे कोपरा अंधारा असला तरी तो त्या कोपऱ्याच्याच हिरव्याशी जोखला जातो. फ्यूजनमध्ये (रिझॉल्व्हमधला कंपोझिटिंगचा भाग) क्लीन प्लेट नोड डेल्टा कीयरच्या क्लीन प्लेट इनपुटला जोडला की तेच साधतं. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर शूटच्या वेळीच रिकाम्या पडद्याचे पाच सेकंद घेऊन ठेवा. याइतकी स्वस्त युक्ती या सगळ्या प्रकरणात दुसरी नाही, आणि तरी ती सेटवर हमखास विसरली जाते.

स्पिल: खरं काम इथे आहे

आता हिरवी कड. डीस्पिलचा, म्हणजे स्पिल काढण्याचा, साधा नियम असा: हिरवा जर लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा जास्त असेल, तर तो सरासरीइतका खाली आणा. आपल्या केसाच्या पिक्सेलवर लावा. लाल ०.१०, निळा ०.०९, सरासरी ०.०९५. हिरवा ०.२९ वरून ०.०९५ वर आला. पिक्सेल जवळजवळ तटस्थ झाला, हिरवी कड गेली, आणि मॅटला हातही लागला नाही.

त्वचेचं काय? रंग ०.६०, ०.४५, ०.३५ धरा. सरासरी ०.४७५, हिरवा त्याच्या आतच, त्यामुळे चेहरा जसाच्या तसा. पण हळदीचा प्रसंग असेल तर घोटाळा होतो. पिवळा रंग ०.८०, ०.६५, ०.१०, सरासरी ०.४५. हिरवा ०.६५ वरून ०.४५ वर येतो आणि हळद लागलेली नवरी शेंदरी दिसू लागते. झेंडूची माळ, पिवळा फेटा, सोन्याचे दागिने, सगळ्यांची हीच गत. अशा शॉटमध्ये सरासरीऐवजी लाल आणि निळ्यापैकी मोठ्या आकड्याची मर्यादा लावा: ०.६५ हा ०.८० पेक्षा कमी, म्हणून पिवळा शाबूत. पण ही मर्यादा केसांवर ढिली पडते. तेव्हा दोन्ही डीस्पिल वेगवेगळे करा आणि मास्कने वाटून द्या: केसांना सरासरी, पिवळ्या कपड्यांना मोठा आकडा.

आफ्टर इफेक्ट्समध्ये कीलाइटचा व्ह्यू इंटरमीडिएट रिझल्टवर ठेवला, तर तो मॅट लावतो पण रंगाला हात लावत नाही. त्याच्यानंतर की क्लीनर आणि मग अॅडव्हान्स्ड स्पिल सप्रेसर लावा. तिघांचा तयार प्रीसेटही प्रोग्रामसोबत येतो; लावल्यावर स्पिल सप्रेसर चालू आहे ना, तेवढं बघा. फायनल रिझल्टवर ठेवून कीलाइटकडूनच स्पिल काढून घेतला, तर रिप्लेस मेथडप्रमाणे तो हिरव्याच्या जागी दुसरा रंग भरतो. सॉफ्ट कलर आणि करडा रंग असेल, तर रात्रीच्या दृश्यात केसांच्या टोकांना राखेसारखी झाक येते. बऱ्याच जणांना तीही मॅटचीच चूक वाटते.

डीस्पिलने कडेचा उजेडही कमी होतो, कारण हिरव्याबरोबर त्याचा प्रकाश गेला. म्हणून काढलेला भाग फेकू नका. मूळ हिरव्यातून डीस्पिल केलेला हिरवा वजा केला की उरतं ०.१९५, हे झालं स्पिलचं मोजमाप. ते काळं-पांढरं चित्र ब्लर केलेल्या नव्या पार्श्वभूमीच्या रंगाने गुणा आणि माणसाच्या कडेवर हलकंसं मिळवा. मागे संध्याकाळचं आकाश असेल तर केसांच्या टोकांना आता नारिंगी उजेड मिळतो. कंपोझिट विश्वासार्ह वाटण्यात या एका पायरीचा वाटा फार मोठा आहे. लाइट रॅप (पार्श्वभूमीचा उजेड माणसाच्या कडेवर आणणं) यानंतर, ५ ते १० पिक्सेल, तोही कमी ओपॅसिटीवर. घाणेरडी कड लपवायला लाइट रॅप वापरला, की माणूस ट्यूबलाइटसारखा चमकतो.

जोरात हललेल्या हाताची ब्लर झालेली कडसुद्धा याच रीतीने सुटते. ती आत ओढू नका. बोटं ठोकळ्यासारखी दिसतात. आणि ब्लर टाळायला शटर वाढवून शूट करू नका. १/५० चा नैसर्गिक ब्लर नंतर बनवलेल्या ब्लरपेक्षा केव्हाही बरा.

काळपट कड

कडेचा रंग पारदर्शकतेने दोनदा गुणला गेला की कड काळी होते. अर्ध्या पारदर्शक पिक्सेलला अर्धा रंग मिळायला हवा, त्याला पाव मिळतो. एका प्रोग्राममधून अल्फासकट (पारदर्शकतेच्या चॅनेलसकट) काढलेली फाइल दुसऱ्यात आणली की हे घडतं. आफ्टर इफेक्ट्समध्ये इंटरप्रिट फुटेज उघडा आणि स्ट्रेट आहे की काळ्यावर प्रीमल्टिप्लाइड, हे फाइल ज्या पद्धतीने काढली त्याच्याशी जुळवा. रिझॉल्व्हमधून एक्स्पोर्ट अल्फा करताना हा पर्याय तिथेच निवडायला मिळतो. न्यूकमध्ये रंग दुरुस्त करायच्या आधी अनप्रीमल्ट, नंतर प्रीमल्ट, आणि मग मर्ज. फाइल आणताना अल्फाच गायब असेल, तर ती एच २६४ किंवा प्रोरेस ४२२ मध्ये काढली गेली असणार. या दोन्हींत अल्फा मावत नाही. प्रोरेस ४४४४ सारखा अल्फा धरणारा फॉरमॅट लागतो.

लॉगमध्ये (नंतर रंग करण्यासाठीच्या फिक्या प्रोफाइलमध्ये) शूट केलेलं फुटेज फिकं असतं आणि त्यात पडदा व माणूस यांच्या रंगातला फरक कमी पडतो. मॅटसाठीची प्रत रेक ७०९ मध्ये, म्हणजे नेहमीच्या एचडी व्हिडिओच्या रंगात, आणून की काढा, रंगासाठी मूळ लॉग ठेवा. फिल्मी लुकचं लट (रंग बदलणारा तयार तक्ता) मात्र सगळं जोडून झाल्यावर.

पुढच्या शूटला एवढं करा

माणूस पडद्यापासून निदान ८ ते १० फूट पुढे. खोली १० × १२ फुटांची असेल तर हे जमणार नाही. मग पडदा लहान ठेवा. माणसाच्या मागे जेवढा लागतो तेवढाच हिरवा, बाजूंना आणि पाय दिसत नसतील तर जमिनीवरही काळं कापड. भिंतभर हिरवं लावणं म्हणजे माणसाला तिन्ही बाजूंनी हिरवे दिवे लावणं.

कापड सुती आणि चमक नसलेलं घ्या, सॅटिन नको. आदल्या रात्री वाफेने सुरकुत्या काढून ताणून बांधा. पडद्याला माणसापेक्षा वेगळे दिवे द्या आणि एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अर्ध्या स्टॉपपेक्षा जास्त फरक ठेवू नका. वेव्हफॉर्मवर (उजेडाच्या आलेखावर) पडद्याची पट्टी ४० ते ५० च्या दरम्यान आणि जमेल तितकी पातळ हवी. पडदा झगझगीत उजळला की की चांगली निघते, हाही गैरसमजच. जास्तीचा उजेड थेट खांद्यावर येऊन बसतो. कॅमेऱ्यातलं शार्पनिंग कमीत कमी करा. ट्रॅकिंगच्या खुणा पडद्यापेक्षा किंचित फिक्या हिरव्या चिकटपट्टीच्या, दोन-तीन फुटांवर, आणि केसांच्या मागे येणार नाहीत अशा.

हिरवा की निळा? बायर सेन्सरवरचे निम्मे बिंदू हिरव्यासाठी असतात, त्यामुळे हिरव्यात नॉइज कमी. म्हणून एरवी हिरवाच घ्या. पण मराठी लग्नाचा प्रसंग असेल आणि नवरीच्या हातात हिरवा चुडा, अंगावर हिरवा शालू असेल, तर निळा पडदा लावा आणि त्याला थोडा जास्त उजेड द्या. ‘बांगड्या नंतर मास्क करू’ असं सेटवर म्हणणारा आणि नंतर तो मास्क करणारा हे क्वचितच एक असतात. जरीचे काठ आणि नथ यांच्यात कुठलाही पडदा आरशासारखा दिसतो. त्यावर अंतर आणि बाजूचं काळं कापड एवढाच उपाय.

की सोडून कधी द्यायची

दोन तास झाले आणि केस अजून धरत नसतील, तर शॉट मोजा. चार सेकंदांचा शॉट म्हणजे १०० फ्रेम. शरीर, हात आणि कपडे हाताने रोटो करा, फक्त केसांच्या पट्ट्यावर मऊ की ठेवा. रोटोचे आकार सांध्यांप्रमाणे वेगळे काढा: डोकं, धड, दंड, पुढचा हात, पंजा. अख्ख्या माणसाचा एकच आकार काढलात तर हात हलला की खांद्याचे बिंदूही सरकतात आणि शंभरच्या शंभर फ्रेम दुरुस्त करत बसावं लागतं. कीफ्रेम हालचालीच्या टोकांवर आधी टाका, मग त्यांच्या मध्यावर, मग उरलेल्या अर्ध्याच्या मध्यावर. आणि मोशन ब्लर चालू केल्याशिवाय कड तपासू नका.